सरपंचांचं कुत्रं

मला भांडायला आवडतं. लोक ही गोष्ट लपवतात, मी लपवत नाही. माझा नवरा म्हणतो, हिला सकाळी कपभर चहा आणि एक भांडण मिळालं की दिवसभर हिची मशीन तेल न घालता चालते. आजवर मी व्यापाऱ्याशी भांडले, बसच्या कंडक्टरशी भांडले, लाइटबिल घेऊन येणाऱ्याशी तर महिन्याला भांडते. पण शेळीच्या पायी झालेलं भांडण ह्या सगळ्यांत वरचं. ते सांगायला बसले की अजून माझा आवाज चढतो आणि हातातली सुई बाजूला ठेवावी लागते.

वडवणीहून धारूरकडं जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे. घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, जे येईल ते. दिवाळीच्या आधी मला जेवायला फुरसत नसते, कारण ऊसतोडीला निघायच्या आत निम्म्या गावातल्या बायांना ब्लाउज लागतात आणि प्रत्येकीला ते उद्याच लागतात.

ह्या दुकानात माझ्या पायाशी एक शेळी बसायची. तिची आई तिला जन्म देऊन गेली तेव्हा तिला मी बाटलीनं दूध पाजलं, माझ्या जुन्या साडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. जगली, आणि मग मला सोडायलाच तयार होईना. मी मशीनवर बसले की ती पायडलच्या शेजारी बसणार आणि खाली पडणाऱ्या चिंध्या चघळणार. एकदा तिनं एका नवरीच्या ब्लाउजची बाही खाल्ली. त्या नवरीच्या आईशी मी काय बोलले ते सांगत नाही, पण बाही मीच चुकून छोटी कापली असं सांगून नवीन कापड भरून दिलं. शेळ्यांचा व्यापारी दारात आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारत नसे. ही विकायची नाही हे घरात ठरलेलं होतं, म्हणजे मी ठरवलेलं होतं.

आता शेजारी. आमच्या भिंतीला भिंत लागून दुमजली घर आहे, ते सरपंचांचं. इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या गावची सरपंचाची जागा बाईसाठी राखीव सुटली, तेव्हा शेजाऱ्यानं बायकोला उभं केलं. ती निवडून आली आणि तो सरपंच झाला. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नाव तिचं, सही तिची, शिक्का मात्र त्याच्या शर्टाच्या खिशात. सगळं गाव त्याला ‘सरपंच’ म्हणतं, तहसीलमधले लोकही ‘या सरपंच’ म्हणूनच खुर्ची देतात. आमच्याकडं ह्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, खरं सांगते.

त्याची बायको म्हणजे आमची आक्का. माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून आक्का. दुपारी सामसूम झाली की ती मागच्या दारानं माझ्या दुकानात यायची आणि ब्लाउजला हूक लावायची, साड्यांना फॉल लावून द्यायची. त्याचे पैसे मी तिच्या हातात ठेवायची आणि ती ते कमरेच्या पिशवीत कोंबायची. गावची सरपंच माझ्याकडं हूक लावायला येते हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. सरपंचाला मानधन मिळतं, ते तिच्या नावावर बँकेत जमाही होतं, पण खात्याचं कार्ड नवऱ्याकडं. तिनं त्या खात्यातला रुपया कधी पाहिला नव्हता. हे तिनं मला हूक लावता लावता सांगितलेलं, रडून नव्हे, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

आणि कुत्रं. ते त्यानं पुण्याहून आणलं होतं, जर्मन का कायसं, वासराएवढं. त्याला रोज दूध-अंडी आणि रविवारी मटण. तो बुलेटवरून निघाला की कुत्रं मागच्या सीटवर. गेल्या साली त्यानं त्या कुत्र्याचा वाढदिवस केला. हसू नका, आमच्या जिल्ह्यात फ्लेक्स लावायला निमित्त लागतच नाही. स्टँडजवळच्या चौकात कुत्र्याचा हा मोठा फ्लेक्स, गळ्यात सोन्याच्या रंगाची साखळी, खाली मित्रमंडळाचे गोल गोल फोटो. केक कापला, तो कुत्र्यानं खाल्ला आणि उरलेला मित्रमंडळानं.

तर दिवाळीच्या आधीची दुपार. मी कापडावर खडूनं आखत होते. शेळी दाराबाहेर लिंबाच्या सावलीत, दोरी सैल. शेजारचं गेट वाजलं आणि मी मान वर करेपर्यंत शेळीचा आवाज आला. शेळी तसं ओरडते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाहेर धावले तर त्या वासराएवढ्या जनावरानं तिची मागची मांडी धरलेली आणि ते तिला ओढत गेटाकडं नेतंय. माझ्या हातात कापड मोजायची लाकडी पट्टी होती, गजभर लांब. तीच मी त्याच्या पाठीवर हाणली. पट्टी मोडली. मग उरलेल्या तुकड्यानं हाणलं, शिव्या तर इतक्या दिल्या की समोरच्या घरातला म्हातारा कान झाकून आत गेला. शेवटी आक्का धावत आली, तिनं एकच हाक मारली आणि कुत्र्यानं तोंड सोडलं. तिच्या मागं मान खाली घालून ते घरात गेलं. हे नीट लक्षात ठेवा, ती हाक मी माझ्या कानांनी ऐकली होती.

मांडीचा लचका लोंबत होता. मी डबाभर हळद त्यात कोंबली, ओढणीनं आवळून बांधलं, रस्त्यावरची अ‍ॅपे रिक्षा थांबवली आणि शेळीला मांडीवर घेऊन वडवणी गाठली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर लसीकरणाला खेड्यावर गेलेले. मग खाजगी डॉक्टर. त्यानं हळद बघितली आणि आधी मलाच झापलं.

“बाई, जखम साबणानं धुवायची असते. भाजी आहे का ही, हळद घालायला?”

मी पहिल्यांदाच कुणाचं मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्यानं धुतलं, टाके घातले, सुया टोचल्या. मग विचारलं, “कुत्रं पाळलेलं की भटकं? पाळलेलं असेल तर मालकाकडून लसीचं कार्ड घेऊन या. भटकं असेल तर धोका नको, शेळीला रेबीजची सगळी इंजेक्शनं पुरी करावी लागतील. खर्च वाढेल.”

त्या पहिल्या दिवसाच्या बिलातच माझी दिवाळीची निम्मी शिलाई गेली. पण मला फिकीर नव्हती. कुत्रं शेजाऱ्याचं, शेजारी पैशाला कमी नाही, खर्च तो देणार हे मी गृहीत धरलं होतं. माझं दात-ओठ खाणं होतं ते गेट उघडं का सोडलं ह्यावर. ते भांडण मी येताना अ‍ॅपेत बसून मनात पाठ करत आले.

शेजारी ओट्यावर खुर्ची टाकून फोनवर बोलत होता. मी बिल पुढं धरलं.

“दादा, तुमच्या कुत्र्यानं माझी शेळी फाडली. हे बिल, आन लसीचं कार्ड द्या.”

त्यानं बिलाकडं पाहिलंही नाही. “कुनाचं कुत्रं?”

“तुमचं.”

“माझं? माझ्याकडं कुत्रं हायच कुठं?” तो अगदी शांतपणे म्हणाला. “गावातलं कुत्रं हाय ते. दारात येऊन बसतंय, भाकर टाकली तर खातंय. दारात बसलं म्हून माझं झालं व्हय? उद्या म्हनशील स्टँडवरची डुकरं बी सरपंचाची.”

त्याचं कारण मला नंतर कळलं. लसीचं कार्ड नव्हतंच, कारण लस कधी दिलीच नव्हती. केक आणला होता, लस आणली नव्हती. आणि पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात घोळत होतं, त्यामुळं ‘सरपंचाचं बिनलशीचं कुत्रं लोकांना फाडतंय’ ही बोंब त्याला नको होती. पण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की माझ्या साडीवर शेळीचं रक्त आहे आणि हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलतोय.

दाराच्या चौकटीत आक्का उभी होती. हातात पितळी, पितळीत दूध-भाकरीचा काला. तो कुणासाठी होता हे मला माहीत, तिला माहीत, त्यालाही माहीत. मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर खाली घातली आणि आत गेली.

कुत्र्याच्या दातापेक्षा ते मला जास्त लागलं. एवढी वर्षं हूक लावत माझ्याशेजारी बसलेली बाई, एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. घरी येऊन मी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं, कारण तोच समोर होता.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “भिंतीला भिंत हाय. उद्या एखादा दाखला लागला तर सही त्यांच्याच घरात हाय.”

“सही आक्काची हाय,” मी म्हणाले.

“आन शिक्का?”

शिक्क्याचं नाव निघालं तशी मी आणखी जोरात बोलले. त्याच दिवशी मी ठरवलं की हा खर्च त्या माणसाकडून वसूल केल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. शेळीची इंजेक्शनं मी पुरी करणार, कितीही लागोत, आणि प्रत्येकाचा पैसा त्याच्या त्या शर्टाच्या खिशातून बाहेर काढणार. आक्कानं खरं बोलावं असं मला वाटत होतं, तो भाग वेगळाच. ती त्या दिवसापासून दुकानात फिरकली नाही. हुकाविना ब्लाउजांचा ढीग साचला आणि मी गिऱ्हाइकांना थापा मारत राहिले.

पुरावा पाहिजे होता. गावात विचारलं तर सगळे हसून मान वळवायचे. “सरपंचाचंच हाय की,” असं चहाच्या टपरीवर म्हणणारे लोक “मग चला, पंचांसमोर सांगा,” म्हटलं की एकदम कामात असायचे. मित्रमंडळाच्या फोनमध्ये कुत्र्याचे फोटो होते, तेही पठ्ठ्यांनी कधीच पुसून टाकलेले. मी आठवडाभर धुमसत होते.

मग एका सकाळी मी मागच्या गोठ्यात शेळीला पाला टाकायला गेले. ती तीन पायांवर उभी राहायला लागली होती. मी पाला टांगायला हात वर केला आणि वरून कुत्रं माझ्याकडं बघत होतं.

मी किंचाळले असेन बहुतेक. मग कळलं. गोठ्याच्या बांबूंच्या छपरावर पावसाळ्याआधी आम्ही फ्लेक्स अंथरला होता, छापलेली बाजू खाली. चौकातले फ्लेक्स उतरले की गावभर वाटले जातात, कुणाच्या कडब्यावर, कुणाच्या बाथरूमला, कुणाच्या सरपणावर. हा आक्कानंच मला दिला होता, ‘घे, शेळीला पाऊस लागायचा न्हाई’ म्हणून. इतके महिने माझी शेळी त्या कुत्र्याच्या वाढदिवसाखाली झोपत होती आणि मी वर बघितलं नव्हतं.

मी तशीच शिडी लावून छपरावर चढले. नवरा खालून ओरडतोय, बांबू करकरतायत, मी दगड ढकलून देतेय आणि फ्लेक्स ओढतेय. माझ्या अंगात काय बळ आलं होतं ते सांगता येत नाही. अंगणात पसरून बादलीभर पाण्यानं धुतला. चेहरा, साखळी, मित्रमंडळ, सगळं लख्ख. वर मोठ्या अक्षरात: ‘सरपंचांच्या लाडक्या वाघास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. मी तो घडी घालून डोक्यावर घेतला तेव्हा मला वाटत होतं की गावातून वाजतगाजत जावं.

तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त तलाठी, भला माणूस पण शेजाऱ्याच्या उपकाराखाली वाकलेला. खर्च मिळावा म्हणून मी दिलेला अर्ज ते पुढं ढकलत होते. फ्लेक्सची घडी दाराशी बघून त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, “मासिक मीटिंगच्या दिवशी या. तिथंच काय ते मिटवू.”

मासिक मीटिंग ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. टेबलामागं सरपंचाची गादीची खुर्ची, तिच्यात शेजारी. बाजूला सदस्य, अध्यक्ष, ग्रामसेवक. आक्का नेहमीप्रमाणं दाराजवळच्या बाकावर, पदर डोक्यावरून. तिला सहीपुरतं बोलवत. मीटिंग संपली की शिपाई रजिस्टर बाकावर नेऊन द्यायचा, ती मांडीवर ठेवून सही करायची आणि घरी जायची. मी आत शिरले तेव्हा आमची नजरानजर झाली आणि ह्या वेळी मीच नजर वळवली.

अध्यक्षांनी विचारलं, “बाई, कुत्रं सरपंचांचं हाय ह्याला पुरावा काय?”

हातच्या काकणाला आरसा कशाला. मी नवऱ्याला फ्लेक्सचं एक टोक धरायला लावलं, दुसरं मी धरलं आणि हॉलभर कुत्रं पसरलं. कुणीतरी मागं फिसकन हसलं. ग्रामसेवकानं फोन काढला होता तो लगेच आत ठेवला. अध्यक्षांना वाचून दाखवावंच लागलं. “सरपंचांच्या लाडक्या वाघास.” त्यांचा आवाज ‘सरपंचांच्या’वर जरा घसरला.

मी शेजाऱ्याकडं बघत होते. क्षणभर तो खरंच सापडला होता, कानापर्यंत लाल झाला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. हा माणूस हुशार आहे, ते मी आधीही मान्य करत होते.

“बरं मग?” तो खुर्चीत मागं रेलला. “ह्यात माझं नाव कुठं हाय? वाचा की नीट. सरपंचाचं म्हनलंय. मी सरपंच हाय का?” त्यानं भिंतीवरच्या बोर्डाकडं बोट दाखवलं. “त्या बोर्डावर बघा बरं, कुनाचं नाव लिवलंय. कायद्यानं मी कोन? कुनीच न्हाई. मी आपला एक साधा गावकरी.”

सगळे हसले. तोही हसला. अध्यक्षांना सुटल्यासारखं झालं आणि ते कागद गोळा करायला लागले. माझ्या हातातलं टोक खाली आलं. इतका राग येऊनही काही न सुचणं हा माझा पहिलाच अनुभव.

“मंजी कुत्रं माझं,” दाराकडून आवाज आला.

हसणं एकदम बंद पडलं नाही, थोडं थोडं करून थांबलं. आक्का उभी राहिली होती. पदर तसाच डोक्यावर.

“गप बस,” शेजारी म्हणाला.

“तुमीच म्हन्लात,” ती म्हणाली. “सरपंच तुमी न्हाई, मी हाय. बोर्डावर माझं नाव हाय. कुत्रं सरपंचाचं हाय. मंजी माझं हाय. मीच त्येला हाक मारली तवा त्येनं शेळी सोडली. मीच त्येला खाऊ घालते.” मग अध्यक्षांकडं वळून म्हणाली, “लिवा. दवाखान्याचा जो खर्च झाला तो सरपंच देनार.”

अध्यक्षांनी शेजाऱ्याकडं बघितलं. शेजाऱ्यानं काय म्हणावं? सरपंच मीच म्हणावं तर बिल त्याच्या गळ्यात, नाही म्हणावं तर ती बोलतेय ते खरं. आयुष्यभर लोकांना शब्दात पकडणारा माणूस स्वतःच्या शब्दात अडकून बसला होता. अध्यक्षांनी लिहिलं. मला त्या क्षणी उडी मारावीशी वाटत होती आणि रडावंसंही वाटत होतं, दोन्ही मी दाबून धरलं.

शिपायानं सवयीनं रजिस्टर उचललं आणि बाकाकडं निघाला. आक्का पुढं झाली, त्याच्या हातातून रजिस्टर घेतलं आणि टेबलाजवळ जाऊन ठेवलं. मग खुर्चीशेजारी उभी राहिली. पेन हातात, नजर रजिस्टरवर. तो बसून होता, ती उभी होती. सदस्य छताकडं बघत होते. शेवटी त्यानं खिशातला फोन काढला, कुणाचा तरी आल्यासारखा कानाला लावला आणि उठून बाहेर गेला. ती खुर्चीत बसली आणि सही केली.

घरी येताना मी नवऱ्याला तीनदा तीच हकीगत सांगितली, तो माझ्या शेजारीच उभा होता तरी. रात्री मात्र मला झोप येईना. मी भांडण जिंकले होते पण ज्याच्या खिशातून पैसे काढायची शपथ घेतली होती, त्याच्या खिशाला धक्काही लागला नव्हता. आक्का देणार कुठून? तिच्याकडं होते ते हूक लावल्याचे पैसे, म्हणजे माझेच. ते मी कसे घ्यायचे? मी मनात ठरवून टाकलं की घ्यायचेच नाहीत. तिनं तोंड उघडलं, माझं फिटलं.

शेळीचं शेवटचं इंजेक्शन होतं त्या दिवशी मी वडवणीला दवाखान्यात पोचले, तर व्हरांड्यात आक्का. एकटी, हातात साखळी आणि साखळीला ते कुत्रं. शेळी माझ्या अंगावर चढायला लागली. आक्कानं कुत्र्याला दूर खांबाला बांधलं आणि म्हणाली, “त्येला बी लस द्यायला आनलंय. अ‍ॅपेवाला घ्यायला तयार नव्हता, दुप्पट भाडं दिलं.”

मग तिनं पदराआडून नोटा काढल्या. नव्या, बँकेची पट्टी लावलेल्या.

“आधी बँकेत गेलते,” ती म्हणाली. “म्हन्लं कार्ड न्हाई माझ्याकडं. त्यो सायब म्हन्ला, कार्ड कशाला पायजे, खातं तुमचं, सही करा. मी सही केली आन त्येनं दिले. येवढंच व्हतं गं ते.” ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. “मानधन हाय. मी काढलेलं पयलं. घे, तुझा सगळा खर्च.”

मी हात मागं घेतला. “आक्का, मला नगं. तू बोललीस, लई झालं. तुज्याकडून मी पैसे घिऊ?”

तिचं हसू गेलं. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी चिडली नव्हती, तेव्हा चिडली.

“नगं कावून? त्येनं दिले असते तर घेतले असतेस का न्हाई?”

“घेतले असते. भांडून घेतले असते.”

“मग माझे का न्हाई?” तिनं माझा हात धरला आणि नोटा त्यात दाबल्या. “घर त्येंच्या नावावर हाय, रान त्येंच्या नावावर हाय, पोरांच्या नावामागं बी त्येच. आख्ख्या गावासमोर येक कुत्रं माझं म्हून लिवलं गेलंय. तू पैसे घेतले न्हाईस तर गाव म्हनंल, बाईमानूस बोललं, सोडून द्या. मंजी ते कुत्रं बी माझं ऱ्हात न्हाई.”

भांडायला मला आवडतं, पण ह्यावर मी भांडले नाही. मी पैसे घेतले. तिनं ते मला तिथंच मोजायला लावले, आणि शेवटची नोट मोजून होईपर्यंत माझ्या समोरून हलली नाही.